पानावरचा कोरा चहा

दोन वर्षांपूर्वी, सर्वपित्री अमावास्येला सकाळी दहाच्या सुमाराला माझ्या मावशीला कळलं की आपलं गोत्र बहुधा आपलं नव्हतं. ती तेव्हा त्र्याऐंशी वर्षांची होती. शिकागोजवळ नेपरव्हिलच्या आमच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ती बसली होती. सांगणारे गुरुजी कॅलिफोर्नियात सांता क्लारामध्ये होते, लॅपटॉपच्या पडद्यावर.

हे गुरुजी एरवी सॉफ्टवेअर लिहितात. तिकडे सकाळचे आठ वाजले होते. खांद्यावर उपरणं, कपाळाला गंध, पाठीमागे ऑफिसची फिरती खुर्ची.

"मावशी, नऊला माझी मीटिंग आहे, पण काही घाई नाही," त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं.

त्याआधी हे सगळं माझी आई करायची. ती त्याच वर्षी मार्चमध्ये गेली. त्या दोघी बहिणी, भाऊ नाही. आई थोरली. मावशीने लग्न केलं नाही. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यावर ती आईकडे अमेरिकेत आली आणि आई माझ्याकडे राहायला आली तेव्हा तीही आली. आई गेल्यावर त्यांच्या माहेरच्या पितरांना पाणी सोडायला एकटी मावशी उरली.

"वडिलांचं नाव?" गुरुजींनी विचारलं. तिने सांगितलं. "आजोबांचं?" तेही सांगितलं. "पणजोबांचं?"

"ते माहीत नाही. बोटीवर गेले, ते परतले नाहीत."

"हरकत नाही. नावाशिवायही होतं. गोत्र?"

"काश्यप."

"हे तुमचं काश्यप, की माहीत नाही म्हणून काश्यप?"

"म्हणजे?"

"गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणतात, मावशी. तसा प्रघात आहे. दोन पिढ्यांनी लोकांना ते आपलंच वाटायला लागतं. पणजोबांचं नाव नाही म्हणालात, म्हणून विचारलं."

"आमचंच आहे," मावशी म्हणाली.

गुरुजींनी पुढे चालवलं. मध्येच त्यांनी कॅमेऱ्याकडे वाकून पाहिलं. "पानावर त्या कपात काय आहे?"

"चहा. कोरा."

"पितरांच्या पानावर?"

"आमच्याकडे असतो."

आमच्याकडे असतो, हे खरं होतं. वडे, खीर, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी आणि पानाच्या उजव्या अंगाला एक चिनी मातीचा, कान नसलेला लहानसा कप. त्यात दूध न घातलेला, साखर न घातलेला चहा. मावशी म्हणायची तो बोटीवरच्यांचा. माझ्या वडिलांच्या घरी असं काही नव्हतं, आईच्या मामांकडेही नव्हतं. कप मावशीने मुंबईहून येताना सदऱ्याच्या बाहीत गुंडाळून आणला होता. सदरा तिच्या वडिलांचा, दादांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा.

कॉल संपला. मी लॅपटॉप मिटला. मावशी तशीच बसून राहिली.

"म्हणजे काश्यप कोणीही म्हणू शकतं?" तिने विचारलं.

"असं ते म्हणाले."

"तू पेपरात होतीस ना इतकी वर्षं? मग शोध. आमचं गोत्र खरं होतं की नव्हतं, एवढंच मला हवंय."

मी आधी मुंबईत एका मराठी दैनिकात आणि नंतर शिकागोच्या बाहेर एका इंग्रजी वर्तमानपत्राच्या कॉपी डेस्कवर काम केलं. दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासणं हे ते काम. मावशीला हे का हवं होतं, ते मला ठाऊक होतं.

मावशी तेवीस वर्षांची असताना तिचं आणि एका इंजिनिअर मुलाचं जमलं होतं. तो एक्स्चेंजसमोरच्या इराण्याकडे ती सुटायच्या वेळेला येऊन बसायचा. जात एकच होती, घरं तोलामोलाची होती. मुलाला अमेरिकेत शिकायला प्रवेश मिळाला होता आणि जाण्याआधी लग्न उरकावं असं त्याच्या आईचं म्हणणं होतं. बोलणी आजोबांच्या घरी झाली. पोहे झाले, सरबत झालं. मग मुलाच्या काकांनी रीतीप्रमाणे गोत्र सांगितलं: काश्यप. आजोबा म्हणाले, आमचंही काश्यप. सगोत्र लग्न होत नाही.

मुलाचे काका म्हणाले होते की हल्ली एवढं कोण बघतं. आजोबा म्हणाले, आम्ही बघतो. मंडळी उठली. मुलगा सहा आठवड्यांनी एकटाच अमेरिकेला गेला. काही वर्षांनी त्याने लग्न केलं. आता तो नॉर्थ कॅरोलिनात, मॉरिसव्हिलला मुलाकडे राहतो. बायको वारली आहे.

साठ वर्षांत मावशी त्याला एकदाच भेटली. इथल्याच एका शाळेच्या कॅफेटेरियात, मंडळाच्या गणपतीत, जेवणाच्या रांगेत. तो मित्राकडे सहकुटुंब आला होता आणि रांगेत तिच्या पुढे होता. वळून म्हणाला, "तू इथे?" ती म्हणाली, "हो, बारा वर्षं झाली." त्याने बायकोची ओळख करून दिली. बायकोने नॉर्थ कॅरोलिनाला यायचं आमंत्रण दिलं. मग त्याने स्वतःचं वाढलेलं ताट मावशीच्या हातात ठेवलं आणि रांगेच्या टोकाला परत जाऊन नवीन ताट घेतलं. घरी येताना गाडीत मावशी एवढंच म्हणाली, "त्याचे केस गेले सगळे."

शोध माझ्या मुलीमुळे सुरू झाला. ती शिकागोत काम करते, रोज सकाळच्या ट्रेनने जाते. त्या नाताळात तिने मावशीला डीएनए तपासणीचा डबा आणून दिला.

"मावशीआजी, यू जस्ट स्पिट इन धिस."

"कशाला?"

"यू विल नो व्हेअर यू आर फ्रॉम."

"मी दादरची आहे, एवढं कळायला थुंकायचं कशाला?" असं म्हणून मावशी थुंकली.

निकाल फेब्रुवारीत आला. बहुतेक सगळा हिस्सा पश्चिम भारताचा होता. थोडासा ब्रिटनच्या उत्तरेकडचा होता आणि जवळपास तेवढाच दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरचा. मुलीने तो दोनदा वाचून दाखवला. मावशीने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दुसऱ्या कोणाचं पाकीट आलं असेल," ती म्हणाली.

मीही तेच धरून चालले. नमुन्यांची अदलाबदल होऊ शकते. पण त्याच पानावर खाली दूरच्या नातलगांची यादी होती आणि त्यात मॅसॅच्युसेट्समधल्या एका निवृत्त शिक्षिकेचा निरोप आला होता. तिच्या पूर्वजांत मुंबई आणि मकावमध्ये व्यापार करणारा एक माणूस होता, आमचा काही संबंध आहे का, असं तिने विचारलं होतं. मी तिला फोन केला. पहिल्या फोनवर मी आमच्याबद्दल काहीच सांगितलं नाही. आधी तिचं ऐकून घेतलं.

तिने सांगितलं ते असं. तिच्या खापरपणजीचे वडील एका स्कॉटिश जहाजी अधिकाऱ्याचा आणि मकावच्या एका चिनी बाईचा मुलगा. दोन्हीकडचे लोक त्यांना आपल्यातलं धरत नसत, पण दोन्हीकडच्या भाषा त्यांना येत आणि त्या धंद्यात तेच लागायचं. ते मुंबईत राहून चीनला माल पाठवत. कँटनमध्ये बसलेला एक अमेरिकन व्यापारी त्यांचा माल तिथे विकायचा. मकावच्या लग्नाच्या बायकोपासून त्यांना एक मुलगी झाली. बायको गेल्यावर त्यांनी ती मुलगी त्या अमेरिकन माणसाच्या घरी, मॅसॅच्युसेट्सला, शिकायला पाठवली. ती परत गेली नाही.

"माल कसला?" मी विचारलं.

"आमच्या घरात चहा असं सांगत आले," ती म्हणाली. "पण मी कागद वाचलेत. अफू."

माळव्यात पिकलेली अफू लाकडी पेट्यांत भरून मुंबईच्या बंदरात यायची आणि तिथून चीनला जायची. सरकार दर पेटीमागे कर घ्यायचं आणि परवाना द्यायचं. म्हणजे मुंबईत जे होतं ते कायदेशीर होतं. चीनमध्ये उतरवलेल्या पेट्यांचं पुढे काय व्हायचं, तेही सगळ्यांना माहीत होतं.

त्यांच्या घरी तो माणूस चहाचा व्यापारी होता. आमच्या घरी तो बुडालेला खलाशी होता. हे मात्र दोन्ही घरांचा पूर्वज एकच असेल तर. तेवढं अजून सिद्ध व्हायचं होतं.

त्या माणसाने अमेरिकन भागीदाराला लिहिलेली पत्रं बॉस्टनच्या उत्तरेला एका जुन्या बंदराच्या गावात, ग्रंथालयात ठेवलेली आहेत. मी एकटीच जाणार होते. मावशी म्हणाली, "तू दुसऱ्यांचं तपासतेस. हे माझं आहे."

आम्ही मे महिन्यात गेलो. शिक्षिका दारातच उभी होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, उंच, पायात चालायचे बूट, हातात घरी केलेला लिंबाचा केक. तिने मावशीला "कझिन" म्हणून मिठी मारली. मावशीने ती मारू दिली आणि मला मराठीत विचारलं, "हिला काय म्हणायचं? वयाने लहान आहे, पण नात्याने भाची की नात?"

"सध्या काहीच नको. अजून नक्की नाही."

वाचनालयात पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. पिशव्या बाहेरच्या कपाटात ठेवायच्या. मावशीने पर्स दिली आणि पुटपुटली, "जसं काही मी त्याची अफू घेऊन पळणार आहे." करड्या पुठ्ठ्याच्या पेट्यांतून एका वेळी एकच फाइल मिळते. अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं, शाई तपकिरी झालेली. मावशीला ते माझ्यापेक्षा लवकर लागलं. एक्स्चेंजमध्ये तिने वर्षानुवर्षं दुसऱ्यांनी घाईत खरडलेली टिपणं वाचली होती.

पहिला दिवस सगळा मालाचा होता. कुठल्या पेट्यांना ओल लागली, कुठल्या अफूत भेसळ निघाली, कुठलं जहाज अडकलं, भाव पडला तर थांबायचं की विकून टाकायचं. पानांमागून पानं तेच. भाषा नेमकी आणि विनम्र. दुपारी तीनच्या सुमाराला मावशीने पेन्सिल खाली ठेवली.

"ज्यांनी ती ओढली, त्यांच्याबद्दल कुठे काही आहे का गं?"

"मी वाचलं त्यात नाही."

"मीही वाचलं त्यात नाही," ती म्हणाली. "त्याची आई तिथलीच होती ना? मकावची?"

"हो."

तिने पेन्सिल पुन्हा उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने एक पत्र माझ्याकडे सरकवलं आणि एका ओळीवर बोट धरलं. बोट कागदाला लागू न देता धरलं होतं, कारण तसं आम्हाला बजावलं होतं. त्या ओळीत आमच्या मूळ गावाच्या बंदराचं नाव होतं. इंग्रजीत वेडंवाकडं लिहिलेलं, पण दुसरं कुठलं होऊ शकत नव्हतं. तीन ओळी खाली एक आडनाव होतं. मावशी अजून तेच लावते.

पत्राचा आशय असा. मुंबईच्या दक्षिणेला किनाऱ्यावरच्या त्या गावात एक बाई आहे आणि तिच्यापासून झालेला मुलगा आहे, हे भागीदाराला आधीपासून माहीत असावं, कारण त्याने चौकशी केलेली दिसते. मुलगा आता चालतो, असं उत्तर आहे. बाईच्या भावाने त्याला स्वतःचं आडनाव द्यायचं कबूल केलं आहे. अट एकच, बापाने पुन्हा गावात पाऊल ठेवायचं नाही. बाप बोटीवर गेला आणि परतला नाही, असं सांगायचं ठरलं आहे. शेवटच्या वेळी तो गेला तेव्हा बाईने त्याला ओटीवर बसवून, त्यानेच आणलेल्या कपात, त्याला लागतो तसा बिनदुधाचा चहा दिला. कप तिथेच राहिला.

त्यानंतरच्या पत्रांत मालाचा मजकूर संपला की शेवटी दोन-तीन ओळी असायच्या. आगबोटीने दक्षिणेकडे जाताना त्या बंदरावरून गेलो. माडांची रांग दिसली. देवळाचं शिखर दिसलं. धक्क्यावर माणसं होती, पण इतक्या लांबून कोण ते कळत नाही. एका पत्रात त्याने भागीदाराकडे चांगली दुर्बीण मागितली आहे. ती पोहोचली की नाही, याची नोंद आम्हाला सापडली नाही. शेवटच्या पत्रानंतर त्या फाइलमध्ये त्याच्या मृत्यूची बातमी कळवणारं दुसऱ्या कोणाचं तरी पत्र आहे.

शिक्षिका मावशीच्या शेजारी बसून हे सगळं पुन्हा वाचत होती. तिने ते लहानपणापासून अनेकदा वाचलं होतं. "आम्हाला वाटायचं तो मुलगा लहानपणीच गेला असेल," ती म्हणाली.

"नाही, नाही," मावशी इंग्रजीत म्हणाली. "ही वॉज माय ग्रँडफादर. ही हॅड व्हेरी गुड टीथ."

विमानात मावशी खिडकीशी बसली. मग म्हणाली, "म्हणजे आमचं गोत्र नव्हतंच."

"पणजोबांना नव्हतं. तुझ्या आजोबांच्या मुंजीत किंवा लग्नात कोणी तरी काश्यप घातलं असणार."

"मग आम्ही सगोत्र नव्हतो."

"नव्हतात."

"माझ्या वडिलांना हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्यांनी अडवलं नसतं."

माझ्याकडे त्याला आधार नव्हता, विरोधातही काही नव्हतं.

ते जुलैमध्ये मिळालं. शिक्षिकेला आमच्या बाजूचा एखादा जुना कागद हवा होता, आडनाव आणि गाव एकत्र असलेला. आईची मरून रंगाची सुटकेस तळघरात होती. तिच्यात आईच्या लग्नाचा शालू, माझी शाळेची प्रगतिपुस्तकं आणि आजोबांची एक वही होती. काळ्या पुठ्ठ्याची, लांबट. दरवर्षीच्या श्राद्धाच्या नोंदी: तिथी, कोण ब्राह्मण, पानावर काय. पहिल्या नोंदी मावशीच्या जन्माच्या आधीच्या आहेत. पहिल्याच पानावर आजोबांच्या अक्षरात मागच्या दोन पिढ्या लिहिल्या होत्या. वडिलांचं नाव. त्याखाली त्यांच्या आजोबांच्या जागी: नाव घेत नाहीत. टोपीकर. पूर्वी आपल्याकडे गोऱ्या साहेबांना टोपीकर म्हणत. त्याखाली: गोत्र ठाऊक नाही, वडिलांच्या लग्नात भटजींनी काश्यप घातले तेच चालवावे. आणि त्याखाली: कोरा चहा विसरू नये.

आजोबांना माहीत होतं. त्यांनी बैठकीत गोत्र सांगितलं तेव्हा ही वही घरात होती.

दुसरी गोष्ट तारखांची होती. माझ्या आई-वडिलांची लग्नपत्रिका त्याच सुटकेसमध्ये होती. तिच्यावरची तारीख मावशीच्या बैठकीनंतर पाच आठवड्यांची आहे. म्हणजे बैठक झाली तेव्हा आईचा साखरपुडा झालेला होता. माझे वडिलांकडचे आजोबा सोवळ्यातले होते. आमचं काश्यप खरं नाही, असं धाकटीच्या बैठकीत सांगितलं असतं, तर का नाही, हेही सांगावं लागलं असतं आणि ते थोरलीच्या सासरी पोहोचलं असतं.

आईने ती वही वाचली होती का, ते मला माहीत नाही. वही तिच्या सुटकेसमध्ये होती आणि वीस वर्षं चहा तीच ठेवत होती, एवढं नक्की.

मी वही दोन दिवस माझ्या खोलीत ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी, मावशी शेंगा निवडत बसली होती तेव्हा, टेबलावर तिच्यासमोर उघडून ठेवली. तिने हात पुसले. पहिलं पान वाचलं. पुढची पानं उलटली. परत पहिल्यावर आली.

"कुठे मिळाली?"

"आईच्या सुटकेसमध्ये."

"मरून?"

"हो."

"कुलूप होतं?"

"नव्हतं."

"बघ. वीस वर्षं मी त्या सुटकेसवर इस्त्रीचे कपडे ठेवले." ती खुर्चीत मागे टेकली. "ताईचा साखरपुडा झाला होता तेव्हा. तुझ्या वडिलांकडच्या आजीने अंगठी परत मागायला कमी केलं नसतं."

"मी पत्रिकेवरची तारीख बघितली."

"बघणारच तू." ती माझ्याकडे बघत राहिली. "मग पुढच्या वर्षी तू झालीस. काळी आणि रडकी. मी रजा काढून तुला सांभाळायला गेले होते."

"मावशी—"

"काही बोलू नकोस. शेंगा दे इकडे."

दुपारी ती तिच्या खोलीत दार लावून झोपली. चार वाजता उठून तिने चहा केला. तिचा नेहमीचा, दूध घातलेला, वेलची कुटलेला. मला कप देताना म्हणाली, "दादांना तो विचारायला एकटासुद्धा आला होता नंतर. दोनदा. मला ताईने सांगितलं होतं. दारातूनच परत पाठवलं." मग म्हणाली, "त्याला वाटत असेल, मी गोत्र मानणाऱ्यातली."

मागच्या वर्षी सर्वपित्रीला गुरुजी पुन्हा पडद्यावर आले. या वेळी खुर्ची नवीन होती.

"गोत्र, मावशी?"

"माहीत नाही."

"मागच्या वर्षी काश्यप म्हणालात."

"तुम्हीच म्हणालात ना, माहीत नसलं की काश्यप म्हणतात? तसं म्हणा. आता माहीत नाही म्हणून म्हणा."

"बरं. पणजोबा अज्ञातच?"

"नाही. लिहून घ्या." तिने नाव सांगितलं. शिक्षिकेच्या इच्छेवरून मी ते इथे देत नाही.

गुरुजींनी लिहिणं थांबवलं. "स्पेलिंग?"

मावशीने एकेक अक्षर सांगितलं, एक्स्चेंजमध्ये सांगायची तसं, प्रत्येक अक्षरानंतर थांबून. गुरुजींनी ते संस्कृतात दोन प्रकारे म्हणून बघितलं. दुसऱ्या प्रकाराला ते स्वतःच हसले आणि पहिला ठेवला. मग म्हणाले, "आणि त्यांच्या मातोश्री?"

"मकावच्या. नाव कुठेच मिळालं नाही."

"मग नावाशिवाय."

"हो. पण त्यांनाही द्या. आणि अफू ओढून गेले, त्यांना देता येतं का काही? आपले नव्हेत ते."

गुरुजींनी जरा विचार केला. म्हणाले, ज्यांचं कोणी नाही त्यांच्यासाठी शेवटी एक पाणी असतंच, त्यात येतील. मावशीने पाणी सोडलं. चहाचा कप जागेवर होता.

त्याच आठवड्यात तिने मॉरिसव्हिलला पत्र लिहायला घेतलं. तीन कागद फाडले. फोन करायचा विचार तिने आधीच सोडून दिला होता, कारण त्याला ऐकू कमी येतं आणि फोन मुलगा उचलतो. ही माहिती मंडळातल्या एका काकूंकडची.

"ईमेल करू?" मी विचारलं.

"मुलगा वाचेल."

"पत्रसुद्धा मुलगाच उघडेल."

"उघडू दे. मराठीत लिहितेय."

पत्र तिने मला दाखवलं नाही. वहीच्या पहिल्या पानाची आणि ग्रंथालयातल्या त्या पत्राची प्रत मी काढून दिली, ती तिने घडी घालून आत टाकली, एवढं मी पाहिलं. पाकीट जाड नव्हतं. पत्राचा मजकूर एका पानापेक्षा जास्त नसावा.

पोस्टात आम्ही दोघी गेलो. बाहेर पानं गळत होती आणि मावशीने त्या वर्षीचा पहिला कोट घातला होता. खिडकीतल्या बाईने विचारलं, साधं पाठवायचं की पोच हवी. मावशीने पोच मागितली. मग त्या बाईने विचारलं, घरातल्या कोणीही सही केली तर चालेल का.

"नो," मावशी म्हणाली. "ओन्ली ही."

तशी सोय असते. ज्याच्या नावाचं पाकीट, त्यानेच सही करायची. नाही तर पाकीट परत येतं. बाईने पाकिटाला, सही होऊन आमच्याकडे परत येणारं, पोचपावतीचं हिरवं कार्ड चिकटवलं आणि एका चौकटीत खूण केली.

त्यानंतर मावशी रोज दुपारी पोस्टाची गाडी गेली की पेटीपर्यंत जायची. सहाव्या दिवशी पाऊस होता, तरी गेली. आठव्या दिवशी मी म्हणाले, मी आणते, तर म्हणाली, "तू तुझं काम कर."

हिरवं कार्ड दहाव्या दिवशी आलं. त्याच्यासोबत पत्र नव्हतं आणि आज हे लिहीपर्यंत आलेलं नाही. कार्डावर मॉरिसव्हिलचा पत्ता आहे, पोहोचल्याची तारीख आहे आणि खाली, जिथे सही करायची त्या चौकटीत, निळ्या शाईने सही आहे. अक्षर हललेलं आहे. सही देवनागरीत आहे.